बोका १४ वर्षांचा, भरपूर खातोय तरी वाळत चाललाय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या भुऱ्याला १४ पूर्ण झाली. मांजराचं पहिलं वर्ष म्हणजे आपली १५, दुसऱ्याला २४ आणि पुढे दरवर्षी ४ असा ढोबळ हिशोब धरला तर स्वारी बहात्तरीत आहे, घरात सगळ्यात ज्येष्ठ.

सहा महिन्यांत वजन ४.६ वरून ३.९ किलो झालंय (त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. तो स्वतः काट्यावर थांबेल तर शपथ). खाणं सुटलंय म्हणावं तर पहाटे चारला उठवून मागतो नि वाटी चाटूनपुसून लख्ख करतो. पाणीही फार पितो, ट्रेमधल्या रेतीत लघवीचे गोळे लिंबाएवढे निघायचे ते आता मोसंबीएवढे. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. खिडकीत एका उडीत जायचा, आता आधी स्टूल मग खिडकी. ते सांध्यांचं असणार, या वयात बहुतेकांचे झिजलेलेच असतात. (कृपया माणसांची गोळी सुचवू नका, पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं.)

डॉक्टर म्हणाले वय झालं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५, नॉर्मल. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून आणि याच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत, मग तो आकडा फसवाच ना? त्यापेक्षा एसडीएमए (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी) बरी, ती स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते. आणि इतकं खाऊन वाळतोय म्हणजे थायरॉइड किंवा शुगर बघायला नको का, टी-फोर (थायरॉइडची रक्ततपासणी) केलेलीच नाही! त्यात गोची अशी की थायरॉइड वाढलं की किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि किडनीचं दुखणं झाकलं जातं, गोळ्या सुरू झाल्या की मग ते उघडं पडतं.

तर ज्यांच्या मांजराला थायरॉइड आणि किडनी दोन्ही निघालं त्यांनी सांगा, गोळ्या सुरू केल्यावर किडनी परत कधी तपासली? बीपी पण मोजून घेतलंत का?

आणि लघवीचा नमुना घरी कसा घेतलात? ती किती घट्ट आहे हे बघायचंय. रिकाम्या ट्रेत हा पाय ठेवत नाही. काल मी ओगराळं घेऊन मागे दबा धरून बसलो तर पठ्ठ्याने दोन तास धरून ठेवली आणि मी फोन घ्यायला उठलो तेवढ्यात उरकून आला.