नॉरफोकचा किनारा: हेझबरोला संरक्षक भिंत का नाही?

भूगोलवेडा: इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यातील हेझबरो या गावाचा कडा वर्षानुवर्षे ढासळत आहे आणि किनाऱ्यालगतची अनेक घरे समुद्राने गिळली आहेत. तरीही तेथे नवी भिंत उभारली जात नाही. याउलट, वायव्येला जवळच असलेल्या बॅक्टन येथे २०१९ मध्ये सुमारे १८ लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर टाकण्यात आली. हा भेदभाव कशामुळे?

खडक-माती: बॅक्टनचे उत्तर सोपे आहे. तेथे उत्तर समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक वायूचे मोठे केंद्र आहे आणि ते चालवणाऱ्या कंपन्यांनीही खर्चाचा वाटा उचलला. हेझबरोचे कडे हिमयुगातील वाळू आणि चिकणमातीचे असल्याने पाणी मुरले की ते आतूनही घसरतात. १९५३ मध्ये समुद्र आत घुसून आलेल्या महापुरानंतरच्या काळात तेथे लाकडी अडसर उभारले होते. ते मोडकळीस आल्यावर खर्चाच्या मानाने लाभ थोडा, या हिशेबाने त्यांची पुनर्बांधणी झाली नाही.

पाणथळ: यात एक मुद्दा सुटतो. कड्यातून सुटलेली वाळू किनाऱ्याला समांतर आग्नेयेकडे वाहत जाते आणि सी पॅलिंग, विंटर्टन येथील पुळणींना पोसते. या पुळणी आणि वाळूच्या टेकड्यांमागे ब्रॉड्स हा उथळ तळ्यांचा आणि नद्यांचा सखल प्रदेश आहे. ही तळी निसर्गनिर्मित आहेत असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की मध्ययुगात जळणासाठी पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जळणारी माती) खणून काढल्याने पडलेल्या खड्ड्यांत पुढे पाणी शिरून ती तयार झाली. १९३८ मध्ये हॉर्सी येथे समुद्राने बांध फोडला, तेव्हा खाऱ्या पाण्याने तेथील शेतीचे आणि गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचे मोठे नुकसान केले. म्हणजे वरचा कडा पूर्ण बांधून टाकला तर खालच्या किनाऱ्याची वाळू आटण्याचा धोका आहे.

भूगोलवेडा: वाळूचे गणित पटले. पण मग ज्यांची घरे जातात त्यांना भरपाई मिळते का?

खडक-माती: घराच्या किमतीची भरपाई मिळण्याचा कायदेशीर हक्क नाही, धोक्यात आलेले घर पाडण्याच्या खर्चासाठी ६,००० पौंडांपर्यंत अनुदान असते. हेझबरोमध्ये काही घरे सार्वजनिक निधीतून विकतही घेतली गेली, पण तो प्रायोगिक योजनेचा भाग होता. खालच्या प्रदेशाला वाळू मिळावी म्हणून वरच्या गावाने जमीन गमवायची असेल, तर त्याची किंमत एकट्या घरमालकाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही.

पाणथळ: सहमत आहे. याच झिजेमुळे २०१३ मध्ये तेथील पुळणीवर आठ लाख वर्षांहून जुनी मानवी पावले उघडी पडली आणि संशोधकांनी छायाचित्रे घेतल्यावर लाटांनी ती काही दिवसांत पुसूनही टाकली. पुरातत्त्वाला झालेला हा लाभ मोठा असला, तरी घर गमावलेल्या कुटुंबाला तो ऐकवण्यात अर्थ नाही.