मेंदूविज्ञानाचा जन्म १८८८ चा की १९६२ चा?

(सोलापुरातल्या तीन भागांतल्या तिघांचा हा वाद. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या भागाच्या नावाखाली दिले आहे.)

जुळे सोलापूर: मेंदूचा अभ्यास जुना आहे, हे कोणीच नाकारत नाही. मात्र न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान, ही स्वतंत्र विद्याशाखा १९६२ मध्येच जन्मली, असे माझे मत आहे. त्या वर्षी जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस श्मिट यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘न्यूरोसायन्सेस रिसर्च प्रोग्रॅम’ हा वेगवेगळ्या शाखांच्या संशोधकांना एकत्र आणणारा उपक्रम सुरू केला. तोवर मेंदूची रचना एका विभागात, कार्य दुसऱ्यात, रसायन तिसऱ्यात आणि वर्तन मानसशास्त्रज्ञांकडे, अशी वाटणी होती. १९६६ मध्ये स्टीफन कफलर यांनी हार्वर्ड विद्यापीठात न्यूरोबायॉलॉजीचा (चेतासंस्थेच्या जीवशास्त्राचा) विभाग उभारून या मंडळींना एकत्र बसवले आणि १९६९ मध्ये सोसायटी फॉर न्यूरोसायन्स ही संशोधकांची संघटना स्थापन झाली. विभाग नाही, परिषद नाही, नावही नाही, तर विद्याशाखा कशाला म्हणायचे?

पूर्व भाग: श्मिट यांनी केले ते बारसे, मूल आधीच जन्मले होते. १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मोजक्याच चेतापेशी, पण मुळापासून शेंड्यापर्यंत, काळ्या रंगवण्याची रीत शोधली. तीच रीत सुधारून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये बार्सिलोनात पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काचे (लहान मेंदूचे) काप पाहिले, तेव्हा एका पेशीचे तंतू दुसरीला टोपलीसारखे वेढतात, पण तिच्यात मिसळत नाहीत, असे त्यांना दिसले. आमच्याकडे मागावर ताण्याबाण्याचे धागे असेच एकमेकांना भिडतात, एकजीव होत नाहीत. मेंदू हे सलग जाळे नसून सुट्या पेशींची वीण आहे, हे कळल्याशिवाय श्मिट यांनी माणसे गोळा केली असती तरी ती बोलली कशावर असती?

जुळे सोलापूर: १९०६ चे नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले आणि गोल्जींनी आपल्या व्याख्यानात काहालांच्याच सुट्या पेशींच्या सिद्धांताला विरोध केला. शिवाय काहालांचे माद्रिदमधले अध्यासन ऊतिशास्त्राचे, म्हणजे शरीरातल्या ऊतींच्या अभ्यासाचे होते, मेंदूविज्ञानाचे नव्हे. पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

पूर्व भाग: भांडण झाले म्हणजे विषय नव्हता, असे होत नाही, उलट भांडायला विषय एकच लागतो. त्या न दिसलेल्या जोडाला १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले, तेही चार्ल्स शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञामुळे. रचनेच्या अभ्यासकाचा, म्हणजे काहालांचा, शोध त्यांनी कार्याच्या अभ्यासाला जोडला, तो कोणत्याही संयुक्त विभागाविना.

विजापूर रोड: मी जुळे सोलापूरकरांच्या बाजूचा, पण त्यांचा निकष जपून लावावा लागेल. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुले आजही मेंदूची रचना, कार्य आणि रसायन तीन विभागांत, तीन वेगळ्या पुस्तकांतून शिकतात. त्या निकषाने आपल्याकडे हे मूल अजून पोटातच आहे.