मदत हवी आहे: जेसनमधून येणारा १७ अंकी पावती क्रमांक ब्राउझरमध्ये पोहोचताच बदलतो

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या पावती-नोंदणीच्या वेब प्रणालीची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल आहे. ब्राउझरमधील पान पावत्यांची यादी जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या मजकुरी स्वरूपात मागवते आणि तक्त्यात दाखवते. पावती क्रमांक हा तारीख, शाखेचा तीन अंकी संकेतांक आणि त्या दिवसाचा सहा अंकी अनुक्रम जोडून तयार होतो. पूर्वी वर्षाचे शेवटचे दोनच अंक घेतले जात, म्हणून क्रमांक १५ अंकी असे. लेखापरीक्षणाच्या वेळी आलेल्या सूचनेनुसार वर्ष चार अंकी करण्यात आले आणि क्रमांक १७ अंकी झाला. अडचण तेव्हापासूनची आहे.

उदाहरण म्हणून १५ जून २०२४ रोजी ०१२ या शाखेत फाडलेली ३४७ वी पावती घ्या. तिचा क्रमांक २०२४०६१५०१२०००३४७ असा होतो, पण पानावर तोच २०२४०६१५०१२०००३४८ असा दिसतो. त्या दिवसाच्या ३४२ ते ३४६ या पाचही पावत्या ३४४ म्हणून दिसतात, ३४७ ते ३४९ या तीन पावत्या ३४८ म्हणून दिसतात, आणि ३५० ते ३५४ या पाच पावत्या ३५० म्हणून. म्हणजे काही क्रमांक बरोबर येतात आणि त्यांच्या शेजारचे चुकतात, त्यामुळे तक्ता वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. चाचणीच्या प्रतीवर ३४७ वी पावती निवडून ‘रद्द करा’ हे बटण दाबले, तेव्हा प्रत्यक्षात ३४८ वी पावती रद्द झाली, म्हणून हा प्रश्न केवळ दिसण्यापुरता नाही हे लक्षात आले.

आतापर्यंत तपासलेल्या गोष्टी अशा. डेटाबेसमधील स्तंभ बिगइंट (६४ बिटांचा पूर्णांक) आहे आणि त्यातले क्रमांक अचूक आहेत. क्रोमच्या नेटवर्क विभागात ‘रिस्पॉन्स’ या टॅबवर क्रमांक बरोबर दिसतो, परंतु शेजारच्याच ‘प्रीव्ह्यू’ टॅबवर तो बदललेला असतो. तोच मजकूर पायथनच्या जेसन मॉड्यूलने वाचला तर क्रमांक पुन्हा अचूक येतो. जेसन.पार्सला (जेसन मजकूर वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनला) रिव्हायव्हर, म्हणजे वाचलेली प्रत्येक किंमत बदलू देणारे, फंक्शन देऊन क्रमांकाची मजकुरी किंमत करून पाहिली, पण त्या फंक्शनच्या हाती पडतो तो आधीच बदललेला आकडा.

सहकाऱ्याचा सल्ला असा आहे की उत्तराचा मजकूर पार्स करण्यापूर्वी (म्हणजे वाचून त्याच्या किमती बनवण्यापूर्वी) रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातील ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने, सर्व लांब आकड्यांभोवती अवतरणचिन्हे घालावीत. मला हा उपाय तात्पुरता वाटतो, परंतु सर्व्हरवर क्रमांक मजकूर म्हणून पाठवायचा ठरवले, तर हेच जेसन वाचणारे जावामधील मोबाइल अॅप बंद पडेल, अशी भीती आहे. योग्य मार्ग कोणता, आणि बदल नेमका कोणत्या टप्प्यावर करावा?

(येथे वाचकांच्या सोयीसाठी आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष जेसनमध्ये ते रोमन, म्हणजे इंग्रजी (0 ते 9), अंकांतच आहेत.)

प्रतिसाद १

निदान सोपे आहे, कारण आपण दिलेले आकडेच सगळे सांगून जातात. जावास्क्रिप्टमधील साधी संख्या ही आयईईई ७५४ प्रमाणातील ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या असते आणि तिच्यात सार्थ अंकांसाठी ५३ बिटांचीच जागा असते. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक मावतात. त्यापुढे दोनाच्या पटीतलेच मावतात, आणि १८०१४३९८५०९४८१९८४ च्या पुढे चाराच्या पटीतले. आपला क्रमांक या शेवटच्या पट्ट्यात पडतो. ३४७ ला सर्वांत जवळची चाराची पट ३४८ आहे, म्हणून तो तिथे जाऊन बसतो. ३४६ मात्र ३४४ आणि ३४८ यांच्या बरोबर मध्ये आहे. अशा वेळी शेवटचा बिट शून्य असलेली संख्या निवडली जाते आणि ती येथे ३४४ आहे. एका आकड्यावर पाच पावत्या आणि पुढच्यावर तीनच, हा आलटून पालटून येणारा प्रकार त्यामुळेच घडतो.

३५० चे कोडे थोडे वेगळे आहे. स्मृतीत साठवलेली संख्या तेथे खरे तर ३५२ ने संपणारी आहे. परंतु जावास्क्रिप्ट संख्या छापताना, वाचल्यावर पुन्हा तीच संख्या मिळेल असे सर्वांत कमी सार्थ अंकांचे रूप शोधते. ३५० ने संपणारे रूप वाचले तरी हीच संख्या मिळते आणि त्याचा शेवटचा शून्य सार्थ अंकांत धरावा लागत नाही, म्हणून ते छापले जाते. तेव्हा ‘३५० बरोबर आले’ हा निव्वळ योगायोग आहे. ते आत शिरतानाही बदलले आणि बाहेर पडतानाही.

जुने १५ अंकी क्रमांक मर्यादेच्या बरेच आत होते, म्हणून हे कधी उघडकीस आले नाही. ‘प्रीव्ह्यू’ टॅब मजकूर पार्स करून दाखवतो, तर ‘रिस्पॉन्स’ टॅब आला तसा दाखवतो. पायथनमधील पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही. जेसनच्या व्याकरणातही संख्येच्या लांबीला मर्यादा नाही. मात्र डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या प्रमाण दस्तऐवजात असे नमूद आहे की, पूर्णांक उणे ९००७१९९२५४७४०९९१ ते अधिक ९००७१९९२५४७४०९९१ या टप्प्यात असतील, तरच त्यांच्या नेमक्या किमतीबद्दल सर्व प्रणालींचे एकमत राहील. आपण जे जेसन पाठवत आहात ते वैध आहे, फक्त वाचणाऱ्यांचे त्याच्या अर्थावर एकमत नाही.

उपायाबद्दल माझे मत ठाम आहे. पावती क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. ती ओळख आहे, आणि ओळख जेसनमध्ये मजकूर म्हणूनच जावी. ट्विटरने २०१० मध्ये ६४ बिटांचे नवे क्रमांक आणले, तेव्हा याच कारणासाठी प्रत्येक संख्यात्मक क्रमांकाशेजारी त्याचीच मजकुरी प्रत देणारे वेगळे क्षेत्र ठेवले होते. गूगलच्या प्रोटोबफ या माहिती देवाणघेवाणीच्या स्वरूपातही ६४ बिटांचे पूर्णांक जेसनमध्ये रूपांतरित होताना अवतरणचिन्हांतच लिहिले जातात.

प्रतिसाद २

वरील निदानाशी सहमत आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या उपायाबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहितो, कारण तो मी चालू प्रणालीत वापरलेला पाहिला आहे. ते एक्स्प्रेशन आकडे पाहते, जेसनची रचना पाहत नाही. पावतीच्या ‘शेरा’ या रकान्यात कोणी बँकेच्या व्यवहाराचा लांबलचक संदर्भ क्रमांक लिहिला, तर तो आधीच अवतरणचिन्हांत असतो. त्याच्या आत आणखी अवतरणचिन्हे घातली गेली की सबंध उत्तरच पार्स होईनासे होते. तेही फक्त ज्या दिवशी असा शेरा आला त्या दिवशी, म्हणजे कारण शोधता शोधता दमछाक.

रिव्हायव्हरचा आपला प्रयोग योग्य दिशेचा होता. नव्या ब्राउझरांत रिव्हायव्हरला तिसरा घटक मिळतो आणि त्याच्या ‘सोर्स’ या गुणधर्मात संख्येचा मूळ, न बदललेला मजकूर असतो. त्यावरून जावास्क्रिप्टमधील बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार) बनवता येतो. परंतु पतसंस्थेच्या शाखांमधील संगणकांवर कोणत्या आवृत्तीचे ब्राउझर असतील याची खात्री नसेल, तर यावर विसंबू नये. शिवाय बिगइंट परत पाठवतानाही अडचण आहे: जेसन.स्ट्रिंगिफायला बिगइंट दिला की ते सरळ टाइपएरर देते.

सर्व्हरवर बदल करताना दोन ठिकाणी लक्ष असू द्यावे. पहिले म्हणजे जेसन_एन्कोडला (जेसन लिहिणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनला) ‘जेसन_न्यूमरिक_चेक’ हा पर्याय कोठे दिला आहे का, ते शोधावे. तो असेल तर आपण मजकूर म्हणून दिलेला क्रमांक तो पुन्हा संख्या करून टाकतो, आणि जाता जाता ‘०१२’ या शाखा संकेतांकाचाही १२ करतो. हा पर्याय सोयीचा म्हणून लोक वापरतात. माझ्या मते तो कोणत्याही प्रकल्पात नसावा. दुसरे म्हणजे डेटाबेस चालक क्रमांक कोणत्या प्रकारात देतो यावर अवलंबून राहू नये. पीएचपी ८.१ पूर्वी पीडीओच्या (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या सुविधेच्या) मायएसक्यूएल चालकात एम्युलेटेड प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत किमती चालकानेच भरण्याची पद्धत) चालू असताना पूर्णांकही मजकूर म्हणूनच येत आणि ८.१ पासून ते पूर्णांक म्हणून येतात. अशा प्रणालींत पीएचपीची आवृत्ती बदलली की कोणीही कोडला हात न लावता जेसनमधली अवतरणचिन्हे गळून पडतात. म्हणून जेथे जेसनची रचना तयार होते तेथेच प्रकार स्पष्टपणे बदलावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शोधल्यावर ‘जेसन_न्यूमरिक_चेक’ खरोखरच एका सामायिक फाइलमध्ये सापडले, आणि शाखा संकेतांकातील शून्ये परत जोडणारा कोड ब्राउझरच्या बाजूला का लिहिलेला आहे, याचा उलगडाही त्यामुळे झाला. आता क्रमांक मजकूर होणारच असेल, तर डेटाबेसमधला स्तंभही बिगइंटवरून व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) करावा का? सगळीकडे एकच प्रकार राहील, असा विचार आहे. रकमाही जेसनमध्ये संख्या म्हणूनच जातात. त्यांनाही हा धोका आहे का?

प्रतिसाद ३

स्तंभ बदलू नका. मायएसक्यूएल मजकूर आणि संख्या यांची तुलना अपूर्णांकी संख्यांच्या रूपात करते, म्हणजे त्याच ५३ बिटांत. स्तंभ व्हारकॅर झाला आणि एखाद्या जुन्या अहवालाच्या क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांविना राहून गेला, तर ३४४ ची एक पावती मागितली असता ३४२ पासून ३४६ पर्यंतच्या पाचही ओळी जुळू शकतात. ब्राउझरमधून घालवलेले दुखणे डेटाबेसमध्ये आणून बसवल्यासारखे होईल. बिगइंटमध्ये १७ अंक आरामात मावतात, ६४ बिटांच्या पीएचपीतही मावतात. रूपांतर फक्त जेसनच्या उंबरठ्यावर होऊ द्या.

रकमांना हा धोका नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली तर सुरक्षित मर्यादा नव्वद लाख कोटी रुपयांच्या पुढे जाते. आपल्या पतसंस्थेला ती पुरावी. दशांशात पाठवत असाल तर पीएचपीच्या सेटिंगमधील ‘सीरियलाइझ_प्रिसिजन’ तेवढे तपासा. ते १७ असेल तर ०.१ ही रक्कम ०.१०००००००००००००००१ अशी लिहिली जाते; उणे १ असावे.

क्रमांक मजकूर झाल्यावर तक्त्याची क्रमवारी बिघडेल, त्याची तयारी ठेवा. जुना क्रमांक २४ ने सुरू होतो आणि नवा २०२४ ने, त्यामुळे अक्षरशः तुलना केल्यास नव्या पावत्या जुन्यांच्या आधी येतील. आधी लांबीची तुलना करावी आणि लांबी सारखी असेल तरच मजकुराची.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी लेखांत सहसा आढळत नाही. शोधाच्या चौकटीत कर्मचारी मराठी कळफलक चालू असताना क्रमांक टंकतात आणि तो देवनागरी अंकांत येतो. जेसनच्या व्याकरणात संख्येसाठी फक्त रोमन अंक चालतात, पण मजकुरात काहीही चालते. क्रमांक मजकूर केल्यावर ‘३४७’ ने संपणारा देवनागरी क्रमांकही बिनबोभाट सर्व्हरपर्यंत पोहोचेल. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील अंकाचे चिन्ह देवनागरी अंकांना जुळत नाही, पायथनमध्ये मात्र जुळते आणि तेथील इंट फंक्शन त्यांचा पूर्णांकही करून देते. तेव्हा स्वीकारतानाच देवनागरी अंकांचे रोमन अंक करून घ्यावेत, आणि क्रमांक १५ किंवा १७ अंकी आहे ना, ते पाहूनच पुढे जावे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मोबाइल अॅपविषयीची भीती बहुधा अनाठायी ठरेल. जावामधील जॅक्सन आणि जीसन या दोन्ही लायब्रऱ्या नेहमीच्या मांडणीत अवतरणचिन्हांतील अंकांचाही लाँग प्रकार करून देतात. तरीही खात्रीशीर मार्ग ट्विटरचाच: ‘पावती_क्र’ हे संख्यात्मक क्षेत्र आहे तसे राहू द्या आणि शेजारी ‘पावती_क्र_मजकूर’ असे नवे क्षेत्र द्या. वेब पानाने फक्त नवे वाचावे, आणि ‘रद्द करा’ सारख्या विनंत्यांतही तेच पाठवावे.

सर्वांत निकडीचे काम वेगळेच आहे. क्रमांक १७ अंकी झाल्यापासून चालू प्रणालीत वेब पानावरून जितक्या पावत्या रद्द किंवा दुरुस्त झाल्या, त्या सर्व मूळ कागदी अर्जांशी ताडून पाहाव्या लागतील. ज्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक चाराच्या पटीत आहेत किंवा ज्याच्या शेवटी शून्य आहे, अशाच नोंदींवर चुकीचा बदल झालेला असू शकतो, त्यामुळे यादी बरीच लहान होईल. मात्र ब्राउझरने पाठवलेल्या क्रमांकाची पावतीच अस्तित्वात नसेल, उदाहरणार्थ दिवसाची शेवटची पावती वरच्या पटीत ढकलली गेली असेल, तर अपडेट क्वेरी एकही ओळ न बदलता ‘यशस्वी’ म्हणून परतते. त्या प्रकरणांत रद्द व्हायची पावती अजून चालूच असेल आणि ती डेटाबेसमध्ये शोधून सापडणार नाही. त्यासाठी सर्व्हरच्या लॉगमधील विनंत्याच पाहाव्या लागतील. यापुढे बदललेल्या ओळींची संख्या एक नसेल, तर विनंती नाकारावी.

धागाकर्ता

लॉग ९० दिवसांचे उपलब्ध आहेत आणि बदल त्याहून अलीकडचा आहे, त्यामुळे सर्व विनंत्या मिळतील. नवे क्षेत्र चाचणीच्या प्रतीवर जोडले आहे: ३४२ ते ३५४ या तेराही पावत्या वेगवेगळ्या दिसत आहेत आणि ३४७ रद्द केल्यावर ३४७ च रद्द होते. संस्थेच्या व्यवस्थापकांना लेखी कळवून ताडणीचे काम सोमवारपासून हाती घेत आहे. तोपर्यंत चालू प्रणालीतील ‘रद्द करा’ हे बटण बंद ठेवले आहे.