घटना, संविधान, दस्तूर : आणि 'संशोधन' कशाचं?

गोदाकाठचा मास्तर

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लागली : 'संविधान संशोधन समितीची बैठक, रविवारी सकाळी 10 वाजता.' सचिव मी, पण नोटीस लिहिली स्पर्धा परीक्षेच्या नादी लागलेल्या एका पोरानं. शनिवारी सांजच्याला आमचे सगळ्यात जुने सभासद काठी टेकत घरी आले. "मास्तर, वर्गणी वीस रुपये. तीबी कुणी देईना. अन् संशोधनाला पैसा कुठून आला?"

विषय साधा होता. वाचनालयाच्या घटनेतलं वर्गणीचं कलम बदलून वीसाचे तीस करायचे होते. पोरानं हिंदी नोट्समधला शब्द जसाच्या तसा उचलला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपल्याकडं संशोधन करतो तो प्रयोगशाळेत नाहीतर पीएच्.डी.ला बसलेला असतो. मराठीत 'घटनादुरुस्ती' हा स्वच्छ शब्द असताना हे कामून?

दुसरं असं की, पोरगं म्हणालं, "सर, 'घटना' जुनं झालं, आता 'संविधान' म्हणतात. घटना म्हणजे अपघात वगैरे." खरंच 'घटना' मागं पडायलाय का? मला तोच शब्द जवळचा वाटतो. घट् या एकाच धातूपासून घटनाही आली आणि घडणं-घडवणंही. उद्देशिकेच्या मराठी पाठात बघा : 'गणराज्य घडविण्याचा'. म्हणजे 'घटना' म्हटलं की तिच्यात हात लागलेले दिसतात.

तालुका बार

मास्तर, 'संविधान'वर एवढा राग नको. सं-वि-धा, म्हणजे नीट मांडणी. नाटकाच्या 'संविधानका'त तोच शब्द आहे. म्हणजे पोराला घटनेत अपघात दिसतो, तर संविधानात नाटक दिसायला हवं. आमच्या कोर्टात वकील बोलताना 'घटनाबाह्य' म्हणतात, 'संविधानबाह्य' क्वचित. घटनेच्या प्रश्नांवर बसणारं सुप्रीम कोर्टाचं मोठं पीठही 'घटनापीठ'च. जोडशब्दांत घटना पक्की बसली आहे. एकटी आली की मात्र संविधान पुढं जातं. जयंतीच्या मिरवणुकीत, फलकावर, पोरांच्या तोंडी संविधानच आहे आणि त्यामागं लोकांचा जिव्हाळा आहे, तो नुसता हिंदीचा परिणाम म्हणून उडवून लावू नये.

'दुरुस्ती'बद्दल एक बारकावा सांगतो, जो मराठीत आहे आणि लोक विसरतात. मसुद्यावर चर्चा चालू असताना सुचवलेला बदल म्हणजे 'उपसूचना'. मंजूर झालेल्या घटनेत नंतर केलेला बदल म्हणजे 'दुरुस्ती'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, 'अमेंडमेंट'. संविधान सभेत मसुद्यावर 7635 उपसूचना दाखल झाल्या, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या 2473. त्यांना 'दुरुस्त्या' म्हटलं की वाटतं, घटना जन्माला यायच्या आधीच साडेसात हजार वेळा मोडली! तुमच्या बैठकीत कुणी 'वर्गणी तीस नको, पंचवीस करा' म्हणालं तर ती उपसूचना. इतिवृत्तात तसंच लिहा.

बालाघाटी

मसुदा शब्दाबद्दल कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. अरबी 'मुसव्वदा', म्हणजे काळं केलेलं. आपण 'पांढऱ्यावर काळं करणं' म्हणतो ते हेच. साफ केलेल्या प्रतीला त्याच्या उलट 'पांढरं केलेलं' अशा अर्थाचा शब्द होता, तो मराठीत टिकला नाही. मसुदा समिती नेमली 29 ऑगस्ट 1947 ला, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. फेब्रुवारी 1948 च्या मसुद्यात 315 अनुच्छेद होते आणि 26 नोव्हेंबर 1949 ला मंजूर झाली ती घटना 395 ची. मधल्या काळात किती काळं झालं असेल बघा.

आता मराठवाड्याचा शब्द : दस्तूर. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. ते शेवटपर्यंत घटनेला 'हिंदुस्तानचा दस्तूर' म्हणायचे. मसुदा सभेत मांडला गेला 4 नोव्हेंबर 1948 ला, म्हणजे आमच्याकडच्या पोलीस अ‍ॅक्शनला, भारतानं निजामाचं हैदराबाद ताब्यात घेतलं त्या कारवाईला, दोन महिनेही झाले नव्हते. निजामानं फर्मान काढून भारताची घटना हैदराबादला लागू असल्याचं जाहीर केलं ते 23 नोव्हेंबर 1949 ला, घटना मंजूर व्हायच्या तीन दिवस आधी. आजोबा म्हणायचे, "पुस्तक छापून यायच्या आधीच आमच्या राजानं सही ठोकली."

मराठीत दस्तूर म्हणजे हस्ताक्षरही, 'दस्तुरखुद्द' त्यातलाच. घटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली. म्हणजे दस्तूर हा शब्द दोन्ही अंगांनी लागू पडतो.

अजून एक. पहिली घटनादुरुस्ती 1951 ची. तिनं नववी अनुसूची, म्हणजे कोर्टात आव्हानापासून राखलेल्या कायद्यांची यादी, आणली आणि तिच्यात तेरा कायदे टाकले. शेवटचे दोन हैदराबादच्या जहागिऱ्यांबद्दलचे, वर्ष 1358 आणि 1359 फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल! दिल्लीच्या घटनेत आपला फसली सन बसलाय, हे आमच्या गावात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

केशरवाला

शेतकरी माणूस, थोडक्यात लिहितो. घटनेतल्या तरतुदीला शासकीय भाषांतरात 'अनुच्छेद' म्हणतात, साध्या कायद्यातल्याला 'कलम'. पण लोक 370 ला कलमच म्हणणार, अनुच्छेद म्हणणारा माणूस मला अजून पारावर भेटला नाही. मला तर कलम म्हटलं की केशर आंबाच दिसतो. खुंटावर कलम बांधतात तशी घटनादुरुस्ती. फांदी नवी बांधा, पण खुंट तोडायचा नाही. 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टानं दुसरं काय सांगितलं? घटना दुरुस्त करा, पण तिचा मूळ गाभा मोडू नका.

तालुका बार

उपमा झकास, पण भाऊ, कलमी झाडाला फळ वरच्या फांदीचं येतं, खुंटाचं नाही. तुमच्या हिशोबानं सगळी फळं दुरुस्त्यांची, मूळ घटना नुसती पाणी ओढायला. हे कोर्टात चालायचं नाही.

केशरवाला

वकिलाला आंबा खाऊ घालायचा, समजावायचा नाही.

गोदाकाठचा मास्तर

रविवारची बैठक झाली. नोटीस पुसून 'घटनादुरुस्ती' लिहिलं, पोरानंच लिहिलं. वर्गणी तीसचा ठराव होता. त्या जुन्या सभासदांनी पंचवीसची उपसूचना मांडली, ती मंजूर झाली. इतिवृत्तात 'उपसूचना' लिहिताना पोरगं अडलं, ऱ्हस्व की दीर्घ म्हणून.

ते गेल्यावर आठवलं. शाळेत परिपाठाला पोरं उद्देशिका म्हणतात, शेवटी 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत'. चौथीतल्या एकीनं विचारलं होतं, "सर, स्वतःची प्रत कुणाला द्यायची?" तिला 'प्रत' म्हणजे झेरॉक्स वाटली. त्या जागी आजच्या मराठीत काय शब्द घालावा? 'स्वतःला' म्हटलं तर वजन जातं. कुणाला सुचलं तर सांगा.