डायबिटीस इन्सिपिडस – मराठीत काय म्हणायचं?

बहिणीच्या मुलाला नेफ्रोजेनिक डायबिटीस इन्सिपिडस निघालाय. डायबिटीस ऐकल्याबरोबर घरच्यांनी त्याची साखरच बंद केली! मराठीत नीट शब्द आहे का याला?

– साखर द्या हो त्याला, काही संबंध नाही. डायबिटीस मूळचा ग्रीक, म्हणजे आरपार वाहून जाणं. साखरेचा तो डायबिटीस मेलिटस, मेलिटस म्हणजे मधाळ आणि इन्सिपिडस म्हणजे बेचव, पूर्वीचे डॉक्टर लघवी चाखून बघायचे ना, त्यातलं हे. आपल्याकडे चरकाच्या वीस प्रमेहांत (लघवीच्या विकारांत) उदकमेह आहे, पाण्यासारखी स्वच्छ, भरपूर, वास नसलेली लघवी. तोच वापरा.

– उदकमेह मस्तच, पण त्यातून नुसतं लक्षण कळतं, बिघाड कुठंय ते नाही. मेंदूतून व्हासोप्रेसिन हार्मोन येतं, ते किडनीला सांगतं पाणी परत ओढून घे. हार्मोनच कमी पडलं तर एक प्रकार, हार्मोन येतंय पण किडनी दाद देत नाही तो नेफ्रोजेनिक. २०२२ मध्ये नावं बदलली तीही यावरूनच, व्हासोप्रेसिन डेफिशियन्सी आणि व्हासोप्रेसिन रेझिस्टन्स, कारण हॉस्पिटलातसुद्धा साखरेच्या डायबिटीसशी घोळ व्हायचा. मी तर 'किडनीजन्य उदकमेह' म्हणेन.

– अनुवांशिक आहे का पण? आमच्या आजीचा भाऊ म्हणे उशाशी कळशी घेऊन झोपायचा.

– आनुवंशिक! (सॉरी, शब्दचर्चा आहे म्हणून.) आणि आजी आईची आई असेल तर कळशीवाले आजोबा बरोब्बर बसतात यात. जन्मजात केसेसपैकी साधारण ९० टक्क्यांत बिघाड एव्हीपीआर२ या जीनमध्ये असतो, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या रिसेप्टरमध्ये. तो जीन एक्स क्रोमोसोमवर, मुलग्यांकडे एक्स एकच, म्हणून त्रास बहुतेक मुलग्यांना आणि आई नुसती वाहक, तिला बरेचदा काहीच जाणवत नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. उरलेल्यांत एक्यूपी२ बिघडतो, हा १२ नंबरच्या क्रोमोसोमवर, पाणी आत घेणारी दारंच याच्यामुळे बनतात, तिथे बहुतेकदा आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, म्हणून मामेबहिणीशी वगैरे लग्न झालेल्या घरांत जास्त दिसतं. सगळंच वंशातून येतं असंही नाही, लिथियमच्या (मानसिक आजारावरच्या) गोळ्यांनीही होतं.

– मग शाळेच्या चिठ्ठीत 'उदकमेह, साखरेचा नाही' लिहू?

– लिहा. शिवाय पाणी प्यायला आणि लघवीला कधीही सोडा, हे ठळक लिहा, पाणी अडवलं तर रक्तातलं सोडियम चढतं. आणि कमी करायला सांगतात ते मीठ, साखर नाही.