पंचविसाव्या पानावर वळण आलं नाही तर स्क्रिप्ट फेकून द्यायची?

शहापूरकर
परवा वीकेंड_लेखक यांनी पटकथेच्या कार्यशाळेहून आल्यावर टाकलेली पोस्ट वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून लिहायला बसलो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: पटकथा 120 पानांची. तिची वाटणी 30-60-30. दहाव्या पानापर्यंत नायकाला काय हवंय ते कळलंच पाहिजे. पहिलं मोठं वळण पान 25 ते 27 यांच्या मध्ये. नसेल तर "वाचणारा स्क्रिप्ट फेकून देतो आणि त्यानं फेकूनच द्यावी". आणि वर शेवटी हे: "आपल्याकडच्या पोरांना रचना कळत नाही, म्हणून बेळगावातून धड पटकथाकार निघत नाही."

हे शेवटचं वाक्य नसतं तर गप्प बसलो असतो.

ही पानांची गणितं पटकथा शिकवणाऱ्या अमेरिकेच्या सिड फील्डनं 1979 साली मांडली, तीही हॉलिवूडचे सिनेमे समोर ठेवून. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब तिकडच्या 12 पॉइंट कुरियर टाइपाचा. आपण देवनागरीत लिहितो. माझी 96 पानांची स्क्रिप्ट फॉन्ट बदलला की 117 होते. मग वळण कुठल्या पानावर मोजू? आधीच्या की नंतरच्या?

बैलहोंगलच्या संग्या-बाळ्या या कन्नड लोकनाट्याचं घ्या. आमच्या आजोबांना कन्नड वाचता येत नव्हतं, पण सण्णाट (म्हणजे असलं लोकनाट्य) आहे म्हटलं की घोंगडं घेऊन निघायचे. संग्या मरणार हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक. तरी पहाटेपर्यंत माणूस हलायचा नाही. तिथं कोण पानं मोजत होतं?

माझी गोष्ट वडगावच्या एका मागवाल्याची आहे. बाप आणि लेक. लेकानं माग परस्पर विकलेत हे बापाला पान 41 वर कळतं. तोवर घर आहे, मागाचा खडखडाट आहे, सूत आणायला जाणं आहे. एका स्पर्धेतून शेरा आला, "घटना उशिरा". अहो, त्या घरात घटनाच उशिरा घडते. तीस वर्षं काही घडलेलं नाही, हीच तर गोष्ट आहे.

वीकेंड_लेखक
नाव घेऊन लिहिलंस, बरं वाटलं. आडून मारणाऱ्यांपेक्षा परवडलं.

संग्या-बाळ्या तुझ्याच अंगावर येतो बघ. दोस्ताच्या बायकोवर संग्याचा जीव जडतो, तिथंच गोष्ट पेटते ना? की ते पहाटे कळतं? शेवट माहीत असणं वेगळं आणि सुरुवातच न होणं वेगळं. तुझ्या स्क्रिप्टचं दुखणं दुसरं आहे.

फॉन्टचा मुद्दा मान्य. मग पानं मोजू नकोस, मिनिटं मोज. मोबाइलवर घड्याळ लाव आणि सगळे सीन मोठ्यानं वाच. बाप चाळिसाव्या मिनिटापर्यंत सूतच आणत असेल तर फॉन्टचा काय दोष?

निपाणीकर_गोरेगावात
अकरा वर्षं मालिका लिहितोय. तीन अंक, पाच अंक, मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारतात एवढंच: "ब्रेकला काय?" बावीस मिनिटांचा मजकूर, त्यात प्रत्येक ब्रेकच्या आधी कुणीतरी दारात उभं राहिलं पाहिजे. रात्री अकराला वनलाइन (एपिसोडचा थोडक्यात आराखडा) बदलते आणि सकाळी सातला सेटवर संवाद लागतात. रचना वगैरे चैन बेळगावच्या टिळकवाडीत बसून करायची.

एक मात्र शहापूरकर, "त्या घरात काही घडत नाही" हे वाक्य मी नरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, गेलेल्या प्रत्येक नव्या पोराच्या तोंडून ऐकलंय. आपणही तेच म्हणायचो.

खानापूरची_लेक
रचना राहू दे बाजूला. माझी स्क्रिप्ट पानं मोजायची वेळ येण्याआधीच परत आली. नायिका लोंढ्याजवळच्या गावातली. ती आईला म्हणते, "मी येतो गं संध्याकाळी." शेरा काय? "लिंगाच्या चुका सर्वत्र. व्याकरण तपासून पुन्हा पाठवा."

सर्वत्र! माझी आई "मी जातो" म्हणते, मावशी म्हणते, मी म्हणतो. कॉलेजात पुण्याच्या बाईंनी हसत हसत सुधारलं, तेव्हापासून चारचौघांत "जाते" म्हणतो आणि घरी आलो की "जातो". हीच तर माझी गोष्ट होती हो. आणि त्यांनी तीच लाल केली.

चव्हाट_गल्ली
नायिकेला "मी येते" म्हणायला लावा की. लोंढ्याच्या स्टेशनावर उतरली की लोकच विचारतील, कुणाकडं आलाय वो?

वीकेंड_लेखक
ताई, राग समजू शकतो, पण वाचणारा नाशिकचा असतो, नागपूरचा असतो. पडद्यावर कानाला कळेल ते कागदावर अडतं. पहिल्या पानावर चार ओळींची टीप दिली असती तर काम झालं असतं.

खानापूरची_लेक
टीप? कोल्हापुरी रांगडी बिनटिपेची चालते. मालवणी चालते. वऱ्हाडी विनोदाला चालते. आमच्याच जिभेला परवाना का काढायचा?

आणि ऐका. "मी भाकरी खाल्लो", "मी त्याला सांगितलो" ही आमची वाक्यं ऐकून लोक हसतात. कन्नडात क्रियापद कर्त्याच्या मागनं जातं, खाल्लेल्या भाकरीच्या मागनं नाही. "मी"ला तर तिथं बाई-पुरुष असा भेदच नाही. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात दोन्ही एकत्र शिजतं. नायिका शेजारणीला "येन माडाकत्ती?" विचारते आणि त्याच श्वासात आईला "भात लावलो" म्हणते. हे मी कानानं लिहिलंय, पुस्तक बघून नाही.

संस्कृत_मास्तर
विषय भलतीकडे गेला आहे, पण गेलाच आहे तर सांगतो. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, नायिका शौरसेनी प्राकृत, आणि तिची पदं माहाराष्ट्री प्राकृतात. एकाच रंगमंचावर तीन भाषा. शकुंतलेला कुणी "व्याकरण तपासा" असा शेरा दिल्याचं ऐकिवात नाही.

चव्हाट_गल्ली
मास्तर, छापील प्रतीत प्राकृताखाली संस्कृत छाया, म्हणजे भाषांतर, असते. तीच टीप की हो!

संस्कृत_मास्तर
ती वाचकांसाठी. नटांसाठी नव्हे. (बरोबर पकडलंत. पुढे चला.)

कडोलीकर
तुमचे अंक आणि तुमची व्याकरणं ठेवा. आमच्या भागाला एकच रचना लागू आहे, तिचं नाव सीमाप्रश्न. मी एका निर्मात्याला गोष्ट ऐकवली. दोन शेतकरी, मधे एक बोअर, एक मराठी, एक कन्नड. पाणी आटतं. बास. गृहस्थ विचारतात, "मोर्चा कुठे आहे? लाठीमार?" म्हटलं, साहेब, बोअर आटलीय. म्हणे, "मग बेळगाव कशाला, साताऱ्यात करू."

उचगावचा_पाव्हणा
म्हणजे सीमाप्रश्न संपला असं म्हणायचंय? 1956 पासून तीन पिढ्या लढल्या आणि तुम्हाला बोअरच्या पाण्याची गोष्ट सुचते? लाज वाटू दे जरा.

कडोलीकर
माझे काका तुरुंगात जाऊन आलेत, मला लाज शिकवू नका. काका बाहेर आल्यावर पहिल्यांदा शेताकडे गेले, पाणी बघायला. मोटर चालू करून दिली ती शेजारच्या कन्नड माणसानंच. हा सीन तुमच्या मोर्च्याच्या सिनेमात बसत नाही, म्हणून तो कुणी लिहीत नाही.

उचगावचा_पाव्हणा
असे गोड शेजारी सगळ्यांना मिळत नाहीत. आमच्या दुकानाच्या पाटीचं काय झालं ते सांगू का?

निपाणीकर_गोरेगावात
सांगा की. हे लिहा. तुम्ही दोघं भांडत भांडत जे सांगताय त्यात माझ्या तीन महिन्यांच्या ट्रॅकपेक्षा जास्त माल आहे. फुकट घालवू नका इथं.

खानापूरची_लेक
आणि पाटीचा सीन लिहाल तेव्हा ती कुठल्या बोलीत वाचली जाते तेही लिहा. (मी विषय सोडलेला नाही.)

संस्कृत_मास्तर
मूळ प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून देतो. शहापूरकर, तुमचा राग पानांच्या आकड्यांवर आहे, तो योग्य. पण रचना ही परदेशी आहे असा सूर लागतोय, तो चुकीचा. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, भरताच्या नाट्यशास्त्रात आहेत. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा, ते आपल्या गुर्लहोसूरचे म्हणून, आपण अभिमान सांगतो त्यांनी 1880 साली शाकुंतल मराठीत आणलं, ते याच घडणीचं नाटक होतं.

त्यातला गर्भसंधी बघा. दशरूपक या नाट्यावरच्या ग्रंथात धनंजय म्हणतो की आधी दिसलेलं आणि मग नाहीसं झालेलं कथेचं बीज पुन्हा पुन्हा शोधणं म्हणजे गर्भ. शोधायचं तर आधी दिसायला हवं ना? तुमच्या पहिल्या चाळीस पानांत बाप काय शोधतो आहे? त्याला काही हरवलंय असं वाटतच नसेल तर प्रेक्षकानं कशाची वाट बघायची? माग विकले गेल्याचं बापाला उशिरा कळू द्या. आम्हाला आधी कळवा. मग तो सूत आणायला निघाला की आमच्या पोटात कालवेल.

वीकेंड_लेखक
हेच मी सांगत होतो.

संस्कृत_मास्तर
आपण सव्विसावं पान सांगत होता. मी बीज सांगतो आहे. आपल्या कार्यशाळेची फी किती होती?

वीकेंड_लेखक
फी काढायचं काम नव्हतं. दोन दिवस, स्वतःच्या पगारातून. रात्री बसनं गेलो, उभ्यानं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी माझा सीन पूर्ण वाचला. इथं कुणी वाचतं का? कट्ट्यावर "लई भारी" म्हणून पाठीवर थाप मारतात, पीडीएफ उघडत नाहीत. ते "धड पटकथाकार निघत नाही" वाक्य मी स्वतःवर चिडून लिहिलं होतं. मागे घेतो. बाकीचं घेत नाही.

शहापूरकर
पीडीएफ पाठव. मी उघडतो.

मास्तर, तुमचं "आम्हाला आधी कळवा" रात्रभर छळलं. त्या घरात काही घडत नाही हे मी ज्या ताठ्यानं लिहिलं ते वाचून आता कसंतरी होतंय. बापाला 41 वरच कळणार, तिथून एक ओळ हलवणार नाही. पण लेक मागाचे पैसे मोजताना दिसतो असा एक सीन पुढे आणलो. सूत आणायचे दोन सीन कापलो. संग्या-बाळ्याबद्दल मी जे बोललो ते मात्र अजूनही खरं आहे. उलट आता जास्तच खरं आहे, कारण आजोबांना माहीत होतं आणि संग्याला नव्हतं.

वीकेंड_लेखक
पैसे मोजायचा सीन कितव्या पानावर आला?

शहापूरकर
काय फरक पडतो?

वीकेंड_लेखक
सहज विचारतोय.

शहापूरकर
सव्वीस. पण फॉन्ट बदलला की बत्तीस होतं.

खानापूरची_लेक
ते सोडा. "सीन कापलो" लिहिलात! स्पर्धेला पाठवाल तेव्हा तसंच ठेवा.