पाणी उतरल्यावरचे पहिले दिवस : ज्याला जे नेमकं माहीत आहे ते इथं लिहा (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
सकाळी बातम्यांत सांगलीच्या आयर्विन पुलाची कृष्णेची पातळी ऐकली आणि २०१९चा ऑगस्ट डोळ्यांपुढं आला. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, आणि तेव्हा पाणी ५७च्या वर. तिकडं कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोका ४३ला, पंचगंगा ५५ ओलांडून गेलेली. पाणी चढताना काय करायचं ते नदीकाठी पोरांनासुद्धा पाठ असतं. उतरल्यावर मात्र घाई होते आणि वाचलेलंही जातं. म्हणून मापं, क्रम, चुका सगळं लिहा.

माझ्याकडून गाळ. खांबावरून वीज बंद असल्याची खात्री झाली की घरात वीतभर पाणी असतानाच शिरायचं. खराट्यानं गाळ ढवळायचा आणि उतरत्या पाण्याबरोबरच बाहेर ढकलायचा. सुरुवात सगळ्यांत आतल्या खोलीपासून, शेवट उंबऱ्यावर. पाणी निघून गेल्यावर तोच गाळ फरशीला लोण्यासारखा चिकटतो आणि दोन उन्हं खाल्ली की उलथन्यानं खरवडावा लागतो. कोपरे, चौकटीच्या खाचा, कपाटाखालची जागा आधी.

मेगर
बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे बोर्डातले स्विच) सरळ नवीन घ्या. वाळल्यावर चालतात, पण आत गाळाचा कण अडकला तर शॉर्ट झाल्यावर ट्रिपच होत नाहीत, आणि खरा धोका तोच. स्विच-सॉकेटचंही तेच. पाइपातली वायर बहुधा वाचते, जोड मात्र सगळे उघडायचे. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ बघा. १ मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर अजून वाळू दे.
मोटार गोड्या पाण्यानं धुवायची, वाइंडिंग वाळवायचं, बेअरिंग आणि कपॅसिटर बदलायचे. चालू करून बघतो म्हणालात की वाइंडिंग गेलंच.

सांजवात
लोणच्याच्या बरण्या पाण्याखाली होत्या, झाकणं घट्ट आहेत. ठेवायच्या का?

ओसरी
नाही हो ताई, टाका. आट्यांच्या झाकणात गाळपाणी शिरतं, वरून दिसत नाही. कारखान्यातून सीलबंद आलेला पत्र्याचा डबा फुगला-गंजला नसेल तर लेबल काढून, धुऊन, क्लोरीनच्या पाण्यातून काढून चालतो. जीव तुटतो, कळतं.

रहाट
विहीर. पूर उतरल्याबरोबर एका दमात उपसू नका. भोवतालची जमीन पाण्यानं तुडुंब असते, आतला आधार गेला की बांधकाम आत ढासळतं. बाहेरची पातळी खाली जाईल तसं थोडं थोडं उपसायचं, मग गाळ काढायचा.
भरलेल्या नितळ पाण्याला दर १००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. विहिरीचं पाणी असं काढा : ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची उंची ÷ ४, सगळं मीटरमध्ये. व्यास ३, पाणी ४ मीटर म्हणजे २८.२६ घनमीटर, अंदाजे २८ हजार लिटर, पावडर ७० ग्रॅम. बादलीत आधी लापशीसारखी कालवायची, मग पाऊण बादली पाणी, ढवळून ५-१० मिनिटं ठेवायची. चुना तळाला बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पोहऱ्यासारखी पाण्यात सोडायची आणि वरखाली हलवायची. चुना विहिरीत टाकायचा नाही.
तासाभरानं ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायचं). पिवळं आलं तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आलं तर पाण्यातल्या घाणीनंच तो खाल्ला, परत मात्रा द्या. पोतं उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर पावडर मेलेली आहे, कितीही टाका.

निळी_रेषा
हे सगळं ठीक, पण खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण ५१९.६० मीटरपर्यंत भरून ठेवलं की

कृष्णाकाठ
दादा, त्यावर स्वतंत्र बोलू, तळमळ कळते. इथं चिखलात उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडेल तेवढंच.

निळी_रेषा
बरोबर. मग एवढंच लिहितो : घर दुरुस्त करण्याआधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. त्यावरून मीटरबोर्ड आणि धान्याची फळी किती उंच हवी ते ठरवा.

वाफसा
ऊस. शेंडा पाण्यावर राहिला असेल तर ऊस तग धरतो, चर काढून पाणी बाहेर काढा. शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) गाळ बसला असेल तर वाढीचा कोंब कुजतो, मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात आणि साखर उतरते. पोंगा ओढून बघा, अलगद हातात आला आणि बुडाला वास मारला तर तो ऊस संपला. असा फड तोडीला पहिला लावून घ्या. वाफसा आल्याशिवाय (जादा पाणी ओसरून मातीत हवा खेळेपर्यंत) युरिया नको, मुळं गुदमरलेली असताना खत वाहून जातं.

सांजवात
गाळ लागलेली वैरण गुरांना धुऊन घालावी का?

वाफसा
नको, बुरशी धरते. आणि घटसर्प-फऱ्याची लस झाली नसेल तर डॉक्टरांना बोलवा.

ओपीडी
गाळ उपसताना गमबूट हवेतच, पायाला चीर असेल तर जास्तच. लेप्टो (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती गोळी नाही. ताप आणि पोटऱ्या ठणकत असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

दप्तर
सातबारा ऑनलाइन परत मिळतो, त्याच्यापायी रडू नका. जुनी खरेदीखतं आणि फोटो वाचवा. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, उन्हात टाकायची नाहीत, इस्त्री तर मुळीच नाही. वेळ नसेल तर अख्खा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पूर न आलेल्या कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा, महिन्यानं सवडीनं सोडवता येतो. एकमेकांना चिकटलेले फोटो सुकू देऊ नका. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरा, दोन दिवसांच्या आत.

किक
गाडीला सेल्फ मारू नका!! विमा असेल तर आधी कंपनीला कळवा. नंतर प्लग काढून किक मारा, भोकातून पाणी उडेल, ते थांबेपर्यंत. ऑइल चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. काढा, स्वस्तातलं भरा, पाच मिनिटं इंजिन फिरवा, परत काढा. रंग स्वच्छ येईपर्यंत. एअर फिल्टर नवीन. पेट्रोलची टाकी रिकामी करा, तळाला पाणी असतंच.

ओसरी
@किक पंचनाम्याचंही सांग ना. सामान बाहेर फेकण्याआधी फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि वस्तू एकाच चौकटीत. फ्रीज-टीव्हीच्या मागच्या नंबरपट्टीचा वेगळा.
आणि मातीच्या भिंतीच्या घरात पाणी उतरलं म्हणून लगेच झोपायला जाऊ नका. भिंत भिजलेली असते, पाण्याचा आधार गेलेला असतो, ती ऊन पडल्यावर बसते. उभी चीर किंवा फुगवटा दिसला तर लांब राहा. पक्क्या भिंतीला रंगाची घाई नको, आत ओल राहिली तर लोणा फुटून पापुद्रे पडतात. फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

सांजवात
प्लॅस्टिक जमिनीपासून किती वर लावायचं?

ओसरी
दोन ठिकाणी लावा. एक फूटभर उंचीवर, एक पाण्याच्या रेघेच्या जरा खाली. खालचं शेवटी वाळतं.